कय्यूम रफूगराची नजर

बल्लारपूरच्या बाजारात कय्यूमभाऊ रफूगराचं दुकान म्हणजे एक फळी, एक गादी आणि भिंतीला टांगलेले दुसऱ्यांचे कोट. दूरचं दिसायला त्याला जाड भिंगांचा चष्मा लागे. पण काम हाती आलं की तो चष्मा काढून ठेवी, कापड नाकाजवळ धरी आणि उघड्या डोळ्यांनी एकेक धागा वेगळा पाही. "जग सुई ओवाले चष्मा घालते, अन् आमचा कय्यूम काढते," शेजारचा पानवाला नथ्थू म्हणे. कय्यूमला ते ऐकायला आवडे.

पंचेचाळिशीत त्याचा मेहुणा सरफराज त्याला नागपूरला घेऊन गेला. लेझरनं चष्मा जातो, असं तेव्हा नवंनवं ऐकू येत होतं. डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करता?"

लोकांची फाटकी कापडं सांधतो, हे त्या थंडगार खोलीत सांगणं कय्यूमच्या जिवावर आलं. "दुकान हाय," तो म्हणाला.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यापलीकडच्या कडुलिंबाची पानं त्याला सुटी सुटी दिसली. तो रडला. अंधारात दिव्यांभोवती कडी दिसत, डोळ्यांत वाळू खुपल्यासारखं होई. त्याचं त्याला काही नव्हतं. महिन्याभरानं पहिला कोट मांडीवर घेतला, तेव्हा मात्र कापडातले धागेच नाहीसे झाले होते. नाकाजवळ धरलं तर धुकं. हात लांब केला तर सगळं इतकं बारीक की सुई कुठं घालावी कळेना.

"डोळे कच्चे हायेत अजून," तो गिऱ्हाइकांना सांगू लागला.

मग बामणीची कमळाबाई आली. "भाऊ, माह्या पोरीच्या, पुनमच्या सासरचा शालू हाय. खिळ्याले अडकला, पदरावरच. उद्या संध्याकाळी लगन. त्यायले दिसलं तं पोरीले जनमभर ऐका लागन."

"बाई, डोळे..."

"तुमच्या हातचं आजवर कोनाले दिसलं नाई. दुसऱ्या कोनाले देऊ?"

कय्यूमनं शालू ठेवून घेतला.

शालूच्याच आतल्या काठातून त्यानं धागे ओढून काढले. एवढं बोटांना येत होतं. पण सुई कशाखालून गेली ते दिसेना. चुकलेला टाका उसवताना जरीचा चांगला धागा तुटला. भोक रुंदावलं.

मागे सुलताना, त्याची बायको, उभी होती. "बाईले सांगून द्या. ते चंद्रपूरले दुसरा पाहील."

"काय सांगू? रफूगर आंधळा झाला?"

"झाला तं झाला. पोरीचा शालू काऊन मारता?"

तो उठला आणि फोनच्या बूथवरून त्यानं नागपूरच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी विचारलं, "दुकान कसलं आहे तुमचं?"

"रफूचं."

"दूरचं सुधारलं की या वयात जवळचं जातं, हे मी सांगितलं होतं. तुम्ही चालेल म्हणालात. रफूचं कळलं असतं तर एक डोळा जवळच्या कामासाठी तसाच ठेवला असता."

"आता?"

"जवळचा चष्मा घ्या. औषधाचे थेंब टाकत राहा."

बाजारातून तयार मिळालेला नवा चष्मा लावून तो गादीवर बसला, तसा नथ्थू ओरडला, "काऊन भाऊ, चष्मा माहेराहून परतला काय?"

कय्यूमनं मान वर केली नाही. धागे आता दिसत होते, पण पूर्वीसारखे नाहीत. चार टाक्यांत डोळे कोरडे पडत, धागा दुहेरी दिसे. सुलताना थेंब टाकी. पुन्हा सुई.

दुसऱ्या दिवशी दुपारी कमळाबाईनं पदर उन्हात धरला. "कुठी होतं हो, भाऊ?"

काम झालं की नाही, हे आजवर कय्यूमच ठरवी. आज त्यानं पदर जवळ घेतला, लांब धरला, चष्मा काढला, घातला. त्याला सांगता येईना.

"बाई, नीट पाहा. सासूच्या नजरेनं पाहा."

कमळाबाई वाकली. तिचं बोट जरीवरून हळूहळू फिरलं. एका जागी थांबलं, मग पुढे गेलं.

"नाई दिसत."

"खरं सांगा."

"मले तं नाई दिसत, भाऊ. चाला, टेम्पो निघून जाईल."

शालू काखेत मारून ती निघाली. कय्यूमनं चष्मा काढला आणि तो तिच्या पाठीकडे पाहत राहिला. दूर चौकाच्या कडेला ती थांबली. तिनं घडी उलगडली आणि पदर तोंडाजवळ धरून पाहू लागली. दुकानातून ते त्याला अगदी स्वच्छ दिसलं.