बिश्केकचा डोंगर आणि बारा बाटल्या पाणी

आमचे हे समुद्राचं खारं पाणी गोडं करतात. एकटे नाही हो, रास अल खैरला त्याचा भलामोठा कारखाना आहे आणि तिथे हे शिफ्टवर असतात. पण ह्यांचं बोलणं ऐकलंत तर वाटेल, अख्ख्या सौदीला हेच ओंजळीने पाणी पाजतात. आम्ही राहतो जुबैलला, तिसऱ्या मजल्यावर. अठरा वर्षं झाली. पुढच्या वर्षी इथलं सगळं खलास करून परत जायचं ठरलंय, आणि परत म्हणजे नेमकं कुठे, ह्यावरून घरात रोज जुंपायची.

मला गावी जायचं होतं. रत्नागिरीकडे ह्यांचं घर आहे, चिऱ्यांचं, दोन खोल्या नि पुढे पडवी. लग्नानंतरची दोन वर्षं मी तिथे काढली आणि तिथून थेट विमानात बसले, त्यामुळे जीव अजून तिथेच अडकलाय. ह्यांना हवा होता पनवेलला फ्लॅट, लिफ्टवाला. "घरापर्यंत रस्ता नाही," हे म्हणायचे. "खालपासून पाखाडी. दीडशेच्या वर पायऱ्या. तुला जमणारेत?" वर पुरावाही ठरलेला. एकदा आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली होती. मी आणि लेक भाजीच्या पिशव्या घेऊन जिन्याने गेलो आणि मी वाटेत दोनदा टेकले. हे तेव्हा खाली गाडीतच बसले होते, कामाचा फोन आला म्हणून, आणि बऱ्याच वेळाने वर आले. पण चौदा वर्षांच्या आमच्या कन्येने चहाडी केलीच. "पप्पा, शी स्टॉप्ड ट्वाइस!" झालं. तेव्हापासून भांडण कशावरूनही सुरू होवो, संपायचं त्या जिन्यावर.

बकरी ईदला ह्यांना पाच दिवस सुट्टी मिळाली. तेवढ्यात इंडियाला जाऊन येणं म्हणजे बॅगा भरायच्या नि रिकाम्या करायच्या, म्हणून लेकीने शोधून काढलं बिश्केक. किरगिझस्तानची राजधानी. शहरातून तासाभरात डोंगर, तिथे एक धबधबा, चढून जायला दोनेक तास. जेवताना ती हे वाचून दाखवत होती आणि ह्यांचे डोळे चमकले. "ठरलं," हे म्हणाले. "धबधब्यापर्यंत स्वतःच्या पायांनी गेलीस तर गाव. नाही गेलीस तर पनवेल. परत कटकट नाही."

"लिहून द्या," मी म्हटलं.

लेक पंच झाली. मी दुसऱ्या दिवसापासून सकाळी मॉलमध्ये चालायला लागले. बाहेर उन्हात चालणं म्हणजे स्वतःला भाजून घेणं, म्हणून आमच्याकडच्या बायका दुकानं उघडायच्या आत मॉलमध्येच फेऱ्या मारतात. दीड महिना मी त्या गुळगुळीत फरशीवर घाण्याच्या बैलासारखी फिरले. चढ म्हणून काय, तर सरकता जिना. तो मी उलटा चढून बघायला गेले तर गार्डने धरून खाली उतरवलं.

बिश्केकमध्ये बघण्यासारखं काय, असं गेस्ट हाऊसच्या मालकीणबाईंना विचारलं की त्या खिडकीतून बोट दाखवायच्या. डोंगराकडे. साठीच्या, ठणठणीत, गालांवर लाली. त्यांची भाषा आम्हाला येत नव्हती, आमची त्यांना, पण चहा आणि गरम रोटीच्या जोरावर सगळं नीट चाललं होतं. शहर मात्र मला आवडलं. रुंद सरळ रस्ते, दोन्ही बाजूंना दाट झाडं, आणि रस्त्याच्या टोकाला बघावं तर पांढरीशुभ्र शिखरं! सगळं शहरच त्या डोंगराचं अंगण असावं असं वाटत होतं. लोकही बिनदिक्कत पायी चालत होते. जुबैलला आम्ही दूध आणायलासुद्धा गाडी काढतो.

ह्यांचं लक्ष डोंगराकडे नव्हतंच. रस्त्याच्या कडेने तिथे पाट वाहतात, झाडांना पाणी जावं म्हणून. हे प्रत्येक पाटाशी उकिडवे बसायचे. "बघ, बघ कसं फुकट वाहून चाललंय! आम्ही तिकडे थेंबाथेंबासाठी मशिनं फिरवतोय." चौथ्या पाटाशी लेक म्हणाली, "पप्पा, प्लीज. पीपल आर लुकिंग." आणि लोक बघत होतेच.

तिसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सी आली, आणि हे जिन्यावरून उतरले ते वाकूनच. पाठीवर सॅक, सॅकमध्ये पाण्याच्या एकेक लिटरच्या बारा बाटल्या.

"अहो, हे काय?"

"पाणी. उन्हात काम करताना दर वीस मिनिटांनी एक ग्लास. आमच्याकडे नियम आहे."

"उन्हात! तिथे बर्फ आहे!"

"नियम तो नियम."

टॅक्सीतून उतरलो तर समोर नदी. धो धो, पांढरी, दगडांवर आपटत चाललेली, एवढा आवाज की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. काखेत कळसा नि गावाला वळसा ही म्हण मी ऐकली होती, पण पाठीवर कळसा घेऊन नदीच्या काठाने चालणारा माणूस पहिल्यांदाच बघितला. मालकीणबाईंनी मला एक काठी दिली होती. ती मी ह्यांना दिली.

चढ खरंच कठीण होता. मॉलची फरशी कुठे नि ते सुटे दगड कुठे! पहिल्या अर्ध्या तासात माझी छाती भात्यासारखी चालायला लागली. मी थांबायचे, लेक बोटांवर मोजायची, मी तिच्याकडे डोळे वटारून पुढे निघायचे. एक गोष्ट मात्र लक्षात आली होती. मी थांबले की हेही थांबत होते, आणि मी निघाले तरी हे लगेच निघत नव्हते.

अर्ध्या वाटेवर एक प्रचंड खडक आहे, मधोमध दुभंगलेला. तिथे ह्यांनी सॅक टेकवली आणि खाली बसले ते बसलेच. चेहरा लालबुंद.

"तुम्ही दोघी व्हा पुढे. मी येतो सावकाश."

"आणि हे पाणी? ओतून टाकू?"

एवढा दमलेला माणूस, पण असा भडकला म्हणता! "पाणी ओतायचं? खाऱ्याचं गोडं करायला काय लागतं ते मला विचार!"

मी विचारलं नाही. सॅक पाठीवर घेतली. दहा पावलांत खांदे तुटायला लागले आणि तोल मागे जायला लागला. लेक म्हणाली, "आई, लीव्ह इट, यार." आणि तेव्हा मला आपल्या अकलेची कीव आली. बाई गं, पाणी कधी पाठीवरून नेलंयस का तू? ओढणी काढली, पीळ दिला, गोल गुंडाळून चुंबळ केली, डोक्यावर ठेवली. लेकीला म्हटलं, उचल, ठेव वर. तिने कशीबशी ठेवली.

आणि काय सांगू! मान ताठ झाली, पाठ सरळ झाली, पाय आपोआप दगड शोधायला लागले. दोन वर्षं रोज त्या पाखाडीने मी खालच्या विहिरीवरून हंडा-कळशी वर नेली होती. ते सगळं मी विसरले होते, पाय विसरले नव्हते. छाती भरून यायची तेव्हा उभीच राहायचे, चार श्वास घ्यायचे, पुन्हा निघायचे. वरून उतरणारे लोक बाजूला होऊन वाट देत होते. एका किरगिझ आजीने दोन्ही हात गालांवर ठेवले आणि अशी खदखदून हसली की मलाही हसू फुटलं, सॅक डुचमळली आणि लेक किंचाळली. मग ती मागून चालत व्हिडिओ काढायला लागली. मध्येच म्हणाली, "आई, तू पकडत पण नाहीयेस!" लेक चक्क मराठीत बोलली, ह्याचं मला धबधब्याहून जास्त कौतुक वाटलं.

धबधबा दिसला आणि मी रडले. सरळ सांगते, रडले. सॅक खाली ठेवली, ओंजळीने ते बर्फाचं पाणी प्याले, दात झिणझिणले. गाव! मी गावी जाणार होते.

हे तासाभराने आले, काठी टेकत, दर चार पावलांवर थांबत. मी तयारच होते. "काय हो? कोण थांबलं जास्त? आता पनवेलचं नाव नाही काढायचं!"

हे हसले नाहीत. माझ्याशेजारी दगडावर बसले. लेक फोटो काढायला खाली पाण्याशी गेली होती.

"लिफ्ट बंद होती ना, त्या दिवशी," हे म्हणाले. "मला फोन नव्हता आला."

"मग?"

"तुम्ही वर जाईपर्यंत बसून राहिलो. मग चढलो. पाच वेळा थांबलो. दुसऱ्या मजल्यावर तर जिन्यातच बसलो होतो." मग म्हणाले, "तुला जमणार नाही असं मला कधी वाटलंच नाही गं. मला नाही जमणार पाखाडी. माझंच घर, आणि मलाच वर जाता येणार नाही, हे तुला कुठल्या तोंडाने सांगू?"

माझ्या तोंडात जिंकल्याची केवढी वाक्यं तयार होती. मी सॅकमधली बाटली काढून झाकण उघडून ह्यांना दिली. ह्यांनी ती संपवली, सगळी.

"आधी जुबैलला जाऊन डॉक्टर," मी म्हटलं. "परवाच. आणि पुढच्या वर्षी पाखाडी."

"अगं, पण..."

"पुढे तुम्ही, मागे मी. तुम्ही थांबाल तिथे मी थांबेन. दिवस गेला तरी चालेल, वर घर आहे, ते कुठे जात नाही."

हे माझा हात धरून बसले. नंतर लेकीने सॅक माझ्या डोक्यावर ठेवली, आणि आम्ही उतरायला लागलो. पहिल्याच वळणावर हे थांबले आणि मागे वळून माझ्याकडे बघितलं. मीही थांबले.

"घ्या हो दम, सावकाश घ्या," मी म्हटलं. "पण एक बाटली अजून प्या, माझी मान मोडतेय."