बरुआसागरच्या पेटीत टाकलेलं पत्र

भुसावळहून गाडी सुटली तेव्हा माझं नर्सिंगचं सर्टिफिकेट मांडीवर होतं. यांची बदली झाँसीच्या रेल्वे वर्कशॉपला झाली होती. नानांनी ते सर्टिफिकेट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "ट्रंक हरवली तर हरवू दे, हे सोडू नको." आई खिडकीच्या गजाला धरून उभी होती. कळण्याच्या भाकऱ्या बांधून दिल्या होत्या, त्या कशा पुरवून खायच्या ते सांगत होती. गाडी हलली तशी एवढंच म्हणाली, "तिकडं आपलं माणूस भेटलं तर धरून ठेव गं."

आपलं माणूस भेटायला सहा वर्षं लागली. तोवर मी सदर बाज़ारजवळच्या एका खाजगी दवाखान्यात रुळले होते. सगळे मला 'सिस्टरजी' म्हणायचे. भाजीवाल्याला मी 'भैया' म्हणू लागले होते, मुलं घरात हिंदीतच भांडायची आणि मी मराठीत भांडायचे ते फक्त यांच्याशी, तेही यांना ड्यूटीवरून यायला उशीर झाला की. अशात नागपूरहून शैला आली. तिचा नवराही रेल्वेतच होता. पहिल्याच दिवशी ड्रेसिंगच्या ट्रॉलीपाशी तिनं हळूच विचारलं, "ताई, तुम्ही आपल्याकडच्या ना?" मला रडूच आलं.

तीन वर्षं आम्ही बहिणींसारख्या राहिलो. रविवारी ती ओरछा गेटहून सायकलरिक्षानं यायची, आम्ही दोघी शेवभाजी करायचो आणि तासन्‌तास बोलायचो. माझ्या धाकट्याला टायफॉइड झाला तेव्हा ती आठवडाभर माझी पाळी करून मग स्वतःची करायची. तिचा हात हलका होता. लहान मुलं तिच्याकडूनच सुई टोचून घ्यायची.

मग एका उन्हाळ्यात मी भुसावळला गेले आणि तिथं मला ते कळलं. माझी एक जुनी मैत्रीण नागपूरला नर्स होती, तिनं शैलाचं नाव ऐकताच भुवया उंचावल्या. म्हणाली, "ती होय? तिचं रजिस्ट्रेशन सहा महिने निलंबित होतं. एका बाईला चुकीचं इंजेक्शन दिलं, आणि वर कागदावरची वेळ खोडून बदलली. बाई वाचली म्हणून निभावलं."

परतीच्या प्रवासात इटारसीपर्यंत मी ठरवलं होतं की मॅट्रनना सांगायचं. बीना येईस्तोवर ठरलं की आधी शैलाला विचारायचं. झाँसीला ती स्टेशनवर डबा घेऊन उभी होती, आणि मी काहीच बोलले नाही. आमच्या दवाखान्यात दुसऱ्या राज्यातले कागद कोणी तपासत नव्हतं; सर्टिफिकेट दाखवलं की झालं. मी स्वतःला समजावलं, शिक्षा भोगून झालीय, आता ती नीट काम करते. असे चार महिने गेले. त्या चार महिन्यांत तिनं शेकडो इंजेक्शनं दिली असतील. मला एकदाही भीती वाटली नाही.

भीती वाटली ती दिवाळीनंतर, जेव्हा वॉर्डची इन्चार्ज म्हणून डॉक्टरसाहेबांनी तिचं नाव घेतलं. मी तिच्याहून सहा वर्षं आधी लागलेली. त्या दिवशी घरी येऊन मी यांना म्हणाले, "पेशंटच्या जिवाचा प्रश्न आहे." हे पेपर वाचत होते. म्हणाले, "मग चार महिने तो प्रश्न नव्हता का?" मी स्वयंपाकघरात निघून गेले.

पुढच्या सुट्टीला मी बसनं बरुआसागरला गेले. तलाव बघायला जाते असं घरी सांगितलं. तिथल्या पोस्टाबाहेर बसून हिंदीत पत्र लिहिलं, सही न करता, अक्षर वाकडं काढून: 'सिस्टर शैला को महाराष्ट्र में नर्सिंग काउंसिल ने छह महीने की शिक्षा दी है. कृपया जाँच करें.' पेटीत टाकलं आणि तलावाकडे न बघता परतले.

चार दिवसांनी सकाळी मॅट्रन पत्र हातात घेऊन आमच्या चहाच्या खोलीत आल्या. त्या कानपूरच्या, मोकळ्या स्वभावाच्या. हसत म्हणाल्या, "शैला, तुम्हारी तारीफ़ आई है. काउंसिल ने छह महीने की शिक्षा दी है. इसमें जाँच क्या करें?" बाकीच्या मुलीही हसल्या. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे मला नऊ वर्षांत शंभर वेळा कळलं होतं. घाबरल्यावर मात्र हाताला आईची भाषाच आठवली.

शैला हसली नाही. तिनं पत्र घेतलं, वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्या दवाखान्यात आम्ही दोघीच मराठी होतो. तिला माझं नाव घेता आलं असतं. तिनं मॅट्रनकडे वळून सरळ आवाजात सांगितलं, "मैट्रनजी, हमारी मराठी में शिक्षा माने सज़ा. जिसने लिखा है, सच लिखा है." आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चूक झाली त्या दिवशी डबल ड्यूटी होती हे शेवटी सांगितलं, तेही मॅट्रननी विचारलं म्हणून. पत्र कुणी लिहिलं, हे मात्र तिथं कुणी विचारलं नाही.

नर्सिंग कौन्सिलकडून कागद येईपर्यंत तिला इंजेक्शनं देऊ दिली नाहीत. ती चादरी बदलायची, ताप मोजायची. दोन महिन्यांनी कागद आले: निलंबन संपलेलं, रजिस्ट्रेशन पुन्हा चालू. डॉक्टरसाहेबांनी तिला कामावर ठेवलं, पण इन्चार्ज मला केलं. मी नाही म्हणाले नाही.

त्या दोन महिन्यांत ती एकदाच माझ्याशी बोलली. कपड्यांच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. "ताई, औषध चुकलं ते चुकलं. खाडाखोड केली ती मी भिऊन केली, त्याची लाज मला रोज वाटते. तुम्ही विचारलं असतंत तर तुमच्यादेखत मॅट्रनकडे गेले असते." मी चादरींच्या घड्या घालत राहिले. वसंतात तिच्या नवऱ्यानं बीनाला बदली मागून घेतली. स्टेशनवर मी गेले नाही.

कळवायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. पेशंटला तेवढा हक्क असतो. पण ते कळलं त्या आठवड्यात कळवायचं होतं, तिला सांगून, खाली माझं नाव लिहून. मी जे केलं त्यात पेशंट कुठंच नव्हता.

निवृत्त झाल्यावर मी तिला बीनाच्या पत्त्यावर पत्र लिहिलं, सगळं कबूल केलं. महिन्यानं पोस्टकार्ड आलं. त्यात दोनच ओळी होत्या: 'ताई, पत्र पोचलं. या वेळी सही केलीत, बरं केलंत.' माफ केलं असं तिनं लिहिलं नव्हतं. मीही पुन्हा विचारलं नाही.

भुसावळची भावंडं दरवर्षी म्हणतात, आता तरी घरी परत ये. तिकडं मी अजून सगळ्यांची गुणी कुमुद आहे. पंचविशीत निघून गेलेल्या मुलीनं कुणाचं काय वाईट केलेलं असणार? जे केलं ते इथं केलं. इथल्या बाज़ारात जुन्या सिस्टर भेटतात, नमस्ते करतात, आणि कधी कधी एखादी शैलाची आठवण काढते. मी मान खाली घालून ऐकते. म्हणून मी इथंच राहते.