विहीणबाईंसाठी केलेलं ड्रेसिंग

मी आयुष्यात एकदाच स्वयंपाकघरात शिरलो, आणि त्यानंतर आम्हाला जेवणघराची भिंत रंगवून घ्यावी लागली.

आमच्या तेजूचं लग्न पुण्यात ठरत आलं होतं. मुला-मुलीची पसंती झालेली. फक्त मुलाच्या आईनं आमचं घर बघून होकार द्यायचा, एवढंच उरलं होतं. येण्याच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. "उगाच घाट घालू नका हं. आम्ही दुपारी फक्त सॅलड खातो."

फोन ठेवला आणि आमची सौ. सुनीता मटकन खाली बसली.

"आवं, पावण्यांना काय काकडी कापून वाढायची? तांबडा-पांढरा रस्सा न्हाय केला तर भावकी तोंडात शेण घालंल की!"

"आई, नको ना!" तेजू रडकुंडीला आली. "बाबा, तुम्ही तरी सांगा. एवढं एक जेवण सरळ होऊ दे."

बाप म्हणून काहीतरी करणं भाग होतं. मी जाहीर केलं, "सॅलडचं ड्रेसिंग मी करणार. घरी. शास्त्रशुद्ध!"

माझं उचगावला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं, त्यामुळे माझं वाचन दांडगं आहे (मोबाईलवर). जगातल्या सगळ्यात जुन्या लिखित पाककृती म्हणे मातीच्या पाट्यांवर कोरलेल्या आहेत. त्यात मटण आहे, कांदा आहे, लसूण आहे (म्हणजे माणसं आपल्याच भागातली असणार!), पण किती घ्यायचं, किती शिजवायचं, याचा पत्ता नाही. लिहिणाऱ्यानं गृहीत धरलं की, वाचणाऱ्याला एवढं तर ठाऊक असणारच. हा घोटाळा माझ्याकडून होणार नव्हता. मी चमच्या-चमच्याचं माप लिहून कागद फ्रीजवर चिकटवला. ऑलिव्ह तेलाऐवजी घाण्याचं शेंगतेल, मधाऐवजी काकवी, वर व्हिनेगर, फेसलेली मोहरी, मीठ. शेवटी ठळक अक्षरात, 'वाढण्यापूर्वी झाकण घट्ट लावून बरणी जोरात हलवावी.'

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं मोजून बरणीत भरलं आणि दाढी-आंघोळीला गेलो. बाहेर येतोय तोवर पाहुणे दारात!

विहीणबाई पिस्ता रंगाच्या कडक इस्त्रीच्या साडीत होत्या. पानात काकडी, गाजर, कोबी बघून त्यांना बरं वाटलं.

"ड्रेसिंग घरी केलंत? अगदी रेसिपी बघून?"

झालं! मी उभा राहिलो आणि मातीच्या पाट्यांपासून सुरुवात केली. तेजू डोळे वटारत होती. बरणी हाताला चांगलीच कोमट लागली. खिडकीतून ऊन आलं असेल म्हटलं. "जुन्या लोकांची चूक काय झाली," मी बरणी दोन्ही हातांनी घुसळत म्हणालो, "तर त्यांनी सगळं लिहिलं न्हाय. मी सगळं..."

फट्ट!

झाकण पंख्याला लागून कपाटामागे गेलं. ड्रेसिंग भिंतीवर, माझ्या ताज्या दाढीवर आणि पिस्ता साडीवर सम प्रमाणात पसरलं. विहीणबाईंच्या कपाळावर, टिकलीच्या शेजारी, कढीपत्त्याचं एक पान चिकटलं.

"ह्यात कढीपत्ता कुणी घातला?" मी ओरडलो. (आधी त्यांना भाजलं-बिजलं का ते विचारायचं असतं, हे मला नंतर तेजूनं सांगितलं. भाजलं नव्हतं.)

स्वयंपाकघराच्या दारातून माझी आई शांतपणे म्हणाली, "म्या घातला. चाखून बघितलं तर मिळमिळीत. म्हटलं, पोरगं फोडणी द्यायला इसरलं. कडकडीत दिली आन् लगीच घट्ट झाकण लावून ठेवलं."

"अगं आई, कागदावर सगळं लिहिलं होतं की!"

"वाचला की कागद. फोडणी द्यायची न्हाय, असं कुठं लिवलंय?"

कुठंच लिहिलं नव्हतं.

तेजू आत निघून गेली. सुनीतानं विहीणबाईंना हात धरून नेलं आणि त्या बाहेर आल्या ते तिच्या फुलाफुलांच्या गाऊनमध्ये. आता लपवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. सुनीतानं शेजारणीकडे गुपचूप शिजवून ठेवलेली तांबड्या-पांढऱ्याची पातेली आणून मध्ये ठेवली. विहीणबाईंनी तिकडे बघितलं, गाऊनच्या बाह्या सावरल्या आणि पांढरा रस्सा वाटी तोंडाला लावून प्यायल्या. मग आणखी एक वाटी. पण जाताना म्हणाल्या, "कळवतो."

'कळवतो' म्हणजे काय, हे मुलीच्या बापाला सांगावं लागत नाही. तेजूनं माझ्याशी बोलणं टाकलं. मला जेवण जाईना. फोन वाजला की मी दुकानातून बाहेर येऊन उभा राहायचो.

शेवटी फोन आला.

"आमचा होकार आहे," विहीणबाई म्हणाल्या. माझे डोळे भरून आले. "फक्त एक विनंती होती. लग्नाचं जेवण आमच्याकडे राहू दे. कोशिंबिरीसकट सगळं."

आमच्यात लग्नाचं जेवण मुलीकडचे घालतात. त्यामुळे सध्या मी भावकीत घरोघरी जाऊन सांगतोय, "माणसं लई मोठ्या मनाची बघा. मी नको नको म्हणत होतो, तरी जेवणाचा सगळा भार आपणहून उचलला!"