पंच्याचं टोक

पावसाळ्याआधी रेवदंड्याच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढतात, तेव्हा दोरावर गावातला एक म्हातारा नेहमी माझ्या पुढे असतो. माझ्याच वयाचा आहे. दोराला हात लावण्याआधी खांद्यावरच्या पंच्याचं टोक दाढांखाली धरतो आणि जबडा आवळतो. लगेच त्याची मान, पाठ, पोटऱ्या ताठ होतात. “दात आवळल्याशिवाय कंबरेत जोर येत न्हाय,” असं त्याचं म्हणणं. ते पाहून माझ्या पोटात अजूनही दुखतं.

माझी कवळी सुटते, त्यामुळे जबडा आवळता येत नाही आणि हातही ढिले पडतात. त्याच्या दातांचा इतका हेवा वाटला की त्याचीही कवळीच आहे, असं मी गावभर सांगत सुटलो.

यंदा ओढताना माझी कवळी वाळूत पडली. दोरावरची सगळी माणसं हसली. त्याने ती उचलली, पंच्याने पुसून माझ्या हातात दिली आणि मागे वळून म्हणाला, “हसता काय रं? माझी पन कवळीच हाय. विचारा अण्णांना.”

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी होकारार्थी मान डोलावली.

म्हणून आज लिहून ठेवतो. दात त्याचेच आहेत, सगळेच्या सगळे.