जावयाची रेसिंग गाडी

आमच्या सासुरवाडीत जावयाला कोणी ‘चुकलात’ म्हणत नाही. माझी गाडी गेली ती यामुळेच.

सासुरवाडी चाकणजवळ. यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यती झाल्या, की दुसऱ्या दिवशी भरदुपारी शेतात मोटरसायकली पळतात. चिखल, उंचवटे आणि तीन फेऱ्या. त्यासाठी मी एक जुनी गाडी घेतली, आणि आमच्या मोशीच्या पार्किंगमध्येच बायकोने, म्हणजे सविताने, अट घातली.

“तीन फेऱ्या पुऱ्या केल्यात तर गाडी राहील. नाहीतर विकायची!”

मी कंपनीत क्वालिटी तपासतो. (दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूंची!) त्यामुळे गाडीला काय हवं ते मला बरोब्बर कळत होतं. आधी सायलेन्सर बदलला. सोसायटीने नोटीस काढली, तेव्हा काम उत्तम झाल्याची खात्री पटली. मग चार झगझगीत दिवे लावले. (शर्यत दुपारी, हे सविताने सांगितलं.) मग गाडी चार बोटं खाली बसवून घेतली. दिसायला काय झाली होती म्हणून सांगू!

दर रविवारी गाडी मामांना दाखवायला न्यायचो. सासऱ्यांना मी मामाच म्हणतो. त्यांचा जन्म त्याच मातीत गेलेला. पहिल्याच रविवारी ते उकिडवे बसले आणि त्यांनी टायरवर अंगठा फिरवला.

“गुळगुळीत हायेत जरा...”

“रुंद आहेत मामा! रुंद टायरला पकड जास्त!”

“व्हय, व्हय. तुमी म्हणता म्हंजी बरोबरच असंल.”

मेहुण्यानेही, गणेशने, मान डोलावली. आणि सोमवारी आपल्या खटाऱ्याला गुपचूप मातीत रुतणारे बटण टायर बसवले. त्याने दुसरं काहीही केलं नाही.

“अहो, चिखलात जायचंय, वरातीत नाही!” एकटी सविता ओरडली. पण बायकोचं कोण ऐकतो?

शर्यतीला मला फेटा, गाडीला हार. झेंडा पडला. पहिल्याच चिखलात मागचं चाक जागच्या जागी गरगरू लागलं. मी रेस वाढवली, गाडी आणखी रुतली आणि खाली बसवलेलं तिचं पोट चिखलावर टेकलं. आवाज मात्र अप्रतिम!

“पाव्हणं जोरात हायेत!” माइकवाला गरजला. गावाने टाळ्या वाजवल्या. मी तसूभरही हललो नव्हतो! गणेश तीनदा शेजारून गेला, आणि तिन्ही वेळा अदबीने म्हणाला, “येतो हां, दाजी!”

शेवटी मामांनी ट्रॅक्टर आणला. मला रडू यायचंच बाकी होतं.

“मामा, तुम्हाला हे कधी कळलं होतं?”

“पयल्याच रविवारी.”

“मग बोलला का नाहीत?”

“जावयाला कसं सांगायचं वो?”

गाडी विकली. गणेशनेच घेतली. यंदा तो तिच्यावर पहिला आला, आणि बक्षीस घेताना माइकवर म्हणाला, “सगळं दाजींचं मार्गदर्शन!” गावाने मला पुन्हा फेटा बांधला.

गणेश खोटं बोलला नाही. मी लावलेली एकूण एक वस्तू त्याने काढून टाकली होती.