सिंधूताईच्या काचेवरचे पांढरे ठिपके

मोताळ्यात एखाद्या दुकानाची जमीन आरशासारखी चमकत असेल, तर ती बहुतेक सिंधूताईनं केलेली असते. तिथं फरशी नाही, लादी नाही. खालचं सिमेंट मशीननं घासून घ्यायचं, त्यावर रसायनाचे थर द्यायचे आणि सगळी जमीन एकसंध, बिनसांध्याची करून टाकायची. कागदोपत्री त्याला इपॉक्सी म्हणतात. गावानं त्याचं नाव 'सिंधूताईची काच' ठेवलं आहे.

हे काम ती शिकली पुण्याकडच्या गोदामांवर. लग्न मोडल्यावर धाकटा भाऊ प्रेमानंद याच्याबरोबर ती तिकडे मलबा उचलायला गेली होती. शेवटचा थर ओतला की गडीमाणसं तळाला खिळे असलेले बूट घालून त्या ओल्या थरावर चालतात आणि काटेरी रोलरनं बुडबुडे फोडतात. बायांनी फक्त घमेली वाहायची. एकदा चहाच्या सुट्टीत सिंधूताईनं ते बूट पायात चढवले आणि गोदामाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं.

"बाई, पडली असती म्हणजे?" मुकादम ओरडला.

"पडली असती तं उठली असती. तुमचं काय जाते?"

दुसऱ्या दिवसापासून रोलर तिच्या हातात आला. पुढं जुनं घासायचं मशीन विकत घेऊन दोघं बहीणभाऊ मोताळ्याला परतले, आणि तिनं स्वतःची कामं धरायला सुरुवात केली. पहिल्यांदा लोक प्रेमानंदशी बोलत. तो सरळ सांगे, "ताईले विचारा. मी कामावर हाओ."

यंदा तिनं नारायणरावांच्या दालनाचं काम घेतलं. शेतीची अवजारं विकायचं मोठं दालन, बसस्टँडजवळ. काम चालू असताना नारायणरावांची आई, रुखमाबाई, रोज येऊन खुर्ची टाकून बसायची. एके दुपारी सिंधूताईची माणसं भिंतीशी डबे उघडून बसली होती. म्हातारीनं विचारलं, "तुम्ही कोण लोकं हो?"

"बौद्ध," सिंधूताई म्हणाली आणि भाकरीचा तुकडा मोडला. म्हातारी उठून घरी गेली.

शेवटचा थर झाला त्या संध्याकाळी सिंधूताईनं नारायणरावांना बजावलं, "शेठ, मी सांगेपर्यंत शटर उघडायचं नाई. पाण्याचा थेंब पडू द्यायचा नाई. वरून वाळल्यावानी दिसते, पण आतून कच्चं असते."

"हाव हाव, समजलं," नारायणराव म्हणाले.

ती पाहणीला आली तेव्हा शटर अर्धं वर होतं. दारापासून थेट गल्ल्यापर्यंत त्या राखाडी काचेवर पांढरेफटक ठिपके उठले होते. आणि गावात बातमी तिच्याआधी फिरली होती. बाईनं रसायन घट्ट करणारं हार्डनर कमी टाकलं, माल मारला, असं नारायणराव ज्याला त्याला सांगत सुटले होते. ज्यांच्या दवाखान्याची जमीन तिला पुढं करायची होती, त्या डॉक्टर महादेवरावांचा प्रेमानंदला फोनही येऊन गेला होता: "जरा थांबा, मग पाहू."

सिंधूताईला तो फोन जास्त झोंबला. गावात तिच्याकडे नावाखेरीज दुसरं भांडवल नव्हतं.

ती गुडघ्यांवर बसली. ठिपके गोल होते, शिंतोड्यांसारखे, कोपऱ्यात दाट. एका जागी दुर्वेची काडी थरात रुतून बसली होती. तिनं वाकून वास घेतला.

"शेठ, गोमूत्र कोणं शिंपडलं?"

नारायणराव गडबडले. "आईनं जरासं... नव्या वास्तूत शिंपडतेच माणूस."

"रंगारी काम करून गेले, वायरमन गेला. मी इथंच होती. त्याईच्या मागं काऊन नाई शिंपडलं?"

नारायणरावांनी अर्धं शटर खाली ओढलं. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "जाऊ द्या ना ताई. उद्घाटनाच्या पत्रिका वाटून झाल्या. घासून पुन्हा थर देऊन टाका, खर्च मी देतो. फक्त लोकांना म्हणा, मिसळण्यात थोडी चूक झाली."

"थर देतो. पण चूक माही नाई. ज्या तोंडानं गावाले सांगतलं, त्याच तोंडानं परत सांगा."

"एवढ्याशा गोष्टीचं एवढं काय करता?"

"एवढीशी हाये तं सांगून टाका ना मंग."

नारायणरावांनी सांगितलं नाही. सिंधूताईनं दालनाबाहेर ठेवलेलं मशीन टेम्पोत चढवलं.

"ताई, डॉक्टरचं काम जाईन वं," वाटेत प्रेमानंद म्हणाला.

"गेलं तं गेलं. खोटं कबूल करून भेटलेलं काम मले नाई पाह्यजे."

उद्घाटनाला सगळा बाजार लोटला. नारायणरावांनी ठिपक्यांवर गालिचा अंथरला होता, पण गालिच्याच्या कडेनं ते डोकावत होतेच. सिंधूताईही गेली. पत्रिका तिच्या घरी आली नव्हती, पण उद्घाटनाला सगळ्या गावाला आग्रहाचं निमंत्रण असल्याचा फलक तर चौकात लागलेला होता. ती इस्त्रीची पांढरी साडी नेसून आली आणि गालिच्याच्या कडेला जाऊन उभी राहिली.

डॉक्टर महादेवरावांनी खाली पाहिलं. "सिंधूताई, हेच का ते बिघडलेलं काम?"

आजूबाजूच्या माना वळल्या. नारायणराव पेढ्यांचं ताट घेऊन तिथंच थबकले.

"शेठ, तुम्ही सांगता का मी सांगू?" सिंधूताई म्हणाली, साऱ्या दालनात ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

नारायणरावांनी पेढ्यांचं ताट डॉक्टरांपुढं केलं. बोलली ती खुर्चीतली रुखमाबाई, आणि तीही तोऱ्यात. "त्यात लपवायचं काय? मीच शिंपडलं गोमूत्र. हे लोकं इथं बसून जेवले, मंग शुद्ध नको कराले?"

एकानं हातातला पेढा ताटात परत ठेवला.

"ऐकलं डॉक्टरसाहेब?" सिंधूताई म्हणाली. "हार्डनर बरोबर होतं." तिनं गालिच्याचं टोक धरून तो बाजूला सारला, सगळे ठिपके उघडे केले आणि त्यांच्यावरून चालत बाहेर पडली.

चौथ्या दिवशी नारायणराव तिच्या दारात आले. "चूक आमच्याकडून झाली," एवढंच म्हणाले, पण शेजारीपाजारी ऐकत असताना म्हणाले. ते तिला पुरलं. अवजारं हलवून, ठिपके घासून तिनं नवा थर दिला. तिची माणसं याही वेळी भिंतीशीच जेवली. मग शटर ओढून तिनं स्वतःचं कुलूप लावलं.

"दुकान माझं अन कुलूप तुमचं?"

"हाव."

"आईले काही आणायचं असलं आतून तं?"

"त्याईले म्हणा, आठ दिवस दम धरा."

डॉक्टर महादेवरावांचा फोन पुन्हा आला, या वेळी तिलाच. काम लगेच सुरू करा म्हणाले. सिंधूताईनं साखरखेर्ड्याच्या एका गोदामाचं काम आधीच घेऊन ठेवलं होतं.

"डॉक्टरसाहेब, तुम्ही मले थांबाले सांगतलं होतं ना? आता जरा तुम्हीच थांबा," ती म्हणाली, आणि खिळ्यांचे बूट टेम्पोत फेकून प्रेमानंदच्या शेजारी जाऊन बसली.