पाण्यातल्या उंबऱ्याची अक्षत

सुमे, हा माझा कागद हातात घेऊन बस आणि आधी आईची बोलणी खा. लग्न होऊन तीन महिने झाले, माहेरचा रस्ता विसरलीस काय? तुझे चुलत आजोबा रोज एसटीच्या वेळेला फाट्यावर जाऊन उभे राहतात.

असा माणूस अख्ख्या मुळशीत दुसरा व्हायचा नाही. गाव धरणात जाऊन तीसेक वर्षं झाली, पण माझ्या या चुलत मामंजींच्या मते ते अजून नांदतंय, फक्त जरा खाली. देव वर आणला तरी देवळाचा उंबरा खालीच राहिला. म्हणून घरात लग्न निघालं की पहिली अक्षत पोहत जाऊन त्या उंबऱ्यावर सोडायची. हे करणारे आता ते एकटेच.

माघातलं पाणी म्हणजे हाडं वाजतात. आधी ते घोंगडं गुंडाळून उतरले. घोंगडंच पाणी पिऊन त्यांना तळाला न्यायला लागलं. मग तिळाचं तेल चोपडलं, तर मासे मागे लागले. शेवटी पौडहून मोटारीच्या फाटक्या ट्यूबा आणून, पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवून अंगरखा न् चोळणा केला. चढवायला दोन माणसं, उतरवायला तीन! पहिल्यांदा ते काळं ध्यान सरपटत काठाला आलं तेव्हा बायका धुणी टाकून "सुसर! सुसर!" करत पळाल्या. मामंजी त्यांच्याही पुढं पळत होते, "कुटं हाय? कुटं हाय?"

सुसरीची त्यांना भारी धास्ती. अंगावर चांदी नको, ती चमकते. खरचटलं असलं तर पाण्यात पाय नको. ऊन कललं की बाहेर. "पाय आपटू न्हाई, तिला वाटतं जेवान घाबरलंय." सुसर कुणी पाहिलेली नव्हती. "पन खालनं कुनीतरी माझ्या बरुबरीनं येतंय," ते म्हणत. "सुसर आसती तर इतक्या मायेनं आंगठा धरला नसता."

तुझ्या लग्नाच्या वेळी काय झालं, ते मात्र तुला कळू दिलं नाही. पासष्टीचं वय, छातीत धाप. तुझे बाबा ओरडले, "काका, देवाला पोस्टानं कार्ड टाका की!"

"पोस्टमनला पवता येतं व्हय रं?"

शेवटी मी विहिरीच्या नाड्याला नाडा जोडून लांब दोर केला, एक टोक त्यांच्या कमरेला बांधलं, दुसरं हातात धरून बसले. तीन हिसके म्हणजे पोचले, असं ठरलं. भर दुपार, वारा पडलेला. त्यांचं डोकं लहान होत होत दिसेनासं झालं. मी रडकुंडीला आले, तेव्हा तीन हिसके बसले. मग पुन्हा तीन. हसत मी दोर ओढायला घेतला, तोच डावीकडच्या खडकाआडून मामंजी चालत आले, निथळत.

"दोर घे गुंडाळून, सूनबाई. पायात यायला लागला, मगाशीच सोडला म्या."

माझ्या हातात दोर अजून हिसके देत होता. त्यांनी पाहिलं, पाण्याकडे हात जोडले. "पोचली म्हनायची. पोरगी सुखानं नांदंल."

त्यानंतर ते पाण्यात उतरले नाहीत. बसून ट्यूबा चिकटवतात. जावईबापूंच्या अंदाजे मापाचा दुसरा अंगरखा चाललाय. "माझ्यामागं अक्षत कोन नेनार?" म्हणतात, आणि पुन्हा सोल्युशन लावायला घेतात. तो दोर खुंटीला आहे. वैशाखाचं ऊन तापलंय, तरी अजून ओलाच लागतो. मी कुणाला बोलले नाही.

खालून कुणीतरी दोर हलवून बोलावलंय, तर दोघांनी त्या उंबऱ्याच्या पाया पडून जायला हवं गं. काठावरूनच पाया पडा. मामंजींची नजर पहिली तुझ्या जोडव्यांवर जाईल, चांदी काढ म्हणतील. काढू नकोस, मी समजावीन त्यांना. पण समजवायला ते असताना ये, बाई. लवकर ये.